आमची वाटचाल : २८ दिवसांचा हिशेब

कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, टर्कीचं २८. त्या वरच्या सात दिवसांत ज्याचा धीर सुटतो, त्यानं टर्कीची पिल्लं काढून वाढवण्याच्या या धंद्यात पडू नये. आम्ही पडलो ते मामांच्या भरवशावर. पैसे माझे, डोळे मामांचे.

पहिल्या बॅचची पिल्लं भरल्या भांड्याशेजारी उपाशी मरत होती. खाद्य समोर, पाणी समोर, पण चोच घालायची असते हे सांगणार कोण? जंगलात ते आई दाखवते. इन्क्युबेटरच्या पिल्लाला आई कुठली? मामा दोन दिवस ब्रूडरपाशी, म्हणजे पिल्लांना ऊब देतात त्या जागेपाशी, पाट टाकून बसले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पोराच्या रंगीत गोट्या उचलून पाण्याच्या भांड्यांत टाकल्या. चमकतंय त्यावर पिल्लू टोच मारतंच, आणि चोच ओली झाली की पाणी कळतं. त्या गोट्या अजून वापरात आहेत. दर बॅचला उकळून घेतो.

चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं बुटकं कुंपण, गोलच ठेवा. कोपरा सापडला की भेदरलेली पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. रात्री एखादा मंद दिवा असू द्या.

आता त्या शेडबद्दल. जागा अपुरी पडू लागली तेव्हा या धंद्यातल्याच एका गृहस्थांनी त्यांची जुनी शेड भाड्यानं देऊ केली. ‘दोन वर्षं मोकळी पडलीय, निर्धास्त राहा.’ आधी तिथे गावठी कोंबड्या होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, ती चूक माझी. कोंबडीच्या आतड्यातल्या जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि ब्लॅकहेड या पक्ष्यांच्या रोगाचा जंतू त्यांतच दडून राहतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास नाही. टर्कीचा मात्र कळपच्या कळप जातो.

आधी लक्षात आलं ते आमच्या एका गिऱ्हाईक बाईंच्या. निवृत्त शिक्षिका, वर्षाला सहा पक्षी नेणार, सातवा नाही. पण नेण्याआधी दिवसभर वही घेऊन बसणार. त्या म्हणाल्या, ‘दादा, ते तीन बाजूला उभे आहेत, पंख सोडून, डोळे मिटून. सकाळपासून एकदाही डोक्याचा रंग बदललेला नाही.’ नराचं डोकं मिनिटात लालाचं निळं आणि पांढरं होतं, हे रोज पाहून आम्ही पाहणंच सोडलं होतं. चौथ्या दिवशी गंधकासारखी पिवळी विष्ठा दिसली. कापून पाहिलं तर यकृतावर गोल खड्डे. उरले त्यांत नव्यानं उभं राहण्याजोगं काही नव्हतं.

आणि तेच गृहस्थ गिऱ्हाइकांना सांगत सुटले, ‘यांचा माल रोगट. तशीही ठोंबी जात, पावसात आ वासून वर बघते आणि बुडून मरते.’ साफ खोटं. ज्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, तो पक्षी आभाळ बघायला मान तिरकी करतो. एकदा शेडवरून घार जाऊ द्या, मग कळेल ठोंबं कोण ते.

दुसऱ्या वर्षी आगाऊ पैसे घेऊन एकट्या त्या शिक्षिका बाईच आल्या. त्या अमेरिकेत जंगली टर्की पाहून आल्या होत्या. संध्याकाळ झाली की कळप धावत येऊन झाडावर चढतो, म्हणाल्या; आमचे रुंद छातीचे नर ओट्यावर चढताना धापा टाकतात. तिकडे शिकारीनं आणि जंगलतोडीनं रानटी टर्की संपत आली, तेव्हा फार्मवर वाढवलेली सोडून पाहिली. ती टिकली नाहीत. १९५० नंतर जाळी उडवून रानातलेच पक्षी धरले आणि दुसऱ्या रानात नेऊन सोडले, तेव्हा कुठे जम बसला. आम्हा हॅचरीवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण गोट्या टाकून पाणी प्यायला शिकवता येतं, कोल्हा ओळखायला नाही.

नंतरची वर्षं ठीक गेली.

मामा आता नाहीत. पक्षी हाकायची त्यांची टोकाला कापड बांधलेली काठी दाराशीच असते. ती बघून बाईंनी पेनसिल्व्हेनियातला प्रयोग सांगितला होता : काठीवर नुसतं मादीचं डोकं लावलं, तरी नर पिसारा फुलवून नाचायचा. तेव्हा मामा म्हणाले, ‘आपल्याला भाड्यानं शेड घेताना असंच झालं.’

त्या गृहस्थांची शेड पुन्हा रिकामी आहे म्हणे. भाड्यानं घेणार असाल, तर आधी तिथे काय होतं ते विचारा.