शनिवारची संध्याकाळ आणि दोन कंटेनर

कांदा निर्यातीत उतरताना ज्याला विचारलं त्याचा सल्ला एकच होता: डॉलरवर लक्ष ठेव. मी ठेवलं. सकाळी चहाआधी रुपयाचा भाव बघायचो. पण ज्या काळात माझे पैसे बुडाले, त्या काळात डॉलर ८३ च्या आसपासच घुटमळत होता.

आमचं घर निफाड तालुक्यातलं, कांदा पिकवणारं. मी खळं, म्हणजे कांदा निवडून भरायची जागा, भाड्याने घेतलं, डीजीएफटी या सरकारी विभागाचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक काढला, शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाची नोंदणी केली आणि मलेशियातला एक खरेदीदार मिळवला. कागदपत्रांचा बाऊ करण्यात अर्थ नाही, ती होतात. मालात कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरीचं प्रमाणपत्र, जाळीच्या गोण्या, निवड, गोल्टी म्हणजे बारीक कांदा बाजूला काढणं, हे सगळं महिनाभरात अंगवळणी पडलं.

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. माझे दोन रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, प्रत्येकी २९ टन उन्हाळ कांद्याचे, न्हावाशेव्याच्या बंदरात पोचले होते. संध्याकाळी बातमी आली: कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, लगेच लागू. मी सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला फोन केला.

"दादा, गेट-इन झालंय. एलईओ नाही."

एलईओ म्हणजे माल जहाजावर चढवायची कस्टम्सची परवानगी. तोवर हा माझ्यासाठी एक शिक्का होता, बाकी काही नाही. त्या रात्री कळलं की निर्यात शुल्काचा दर सौद्याच्या तारखेवर ठरत नाही, माल बंदरात पोचल्याच्या तारखेवरही नाही. एलईओ ज्या दिवशी मिळते त्या दिवशीचा दर लागतो. कायद्यात हे आधीपासूनच आहे, वाचलं मी नव्हतं.

हिशेब मांडला. टनाला ३३० डॉलर, म्हणजे कंटेनरमागे जवळपास आठ लाख. त्यावर तीन लाखांहून जास्त शुल्क. सगळं सुरळीत गेलं असतं तर एका कंटेनरमागे माझ्या हातात चाळीस हजार उरणार होते.

खरेदीदार भला माणूस. एका कंटेनरच्या शुल्कातला अर्धा भार त्याने उचलला, तो कंटेनर शुल्क भरून पाठवला. दुसरा परत आणायचा ठरवला. त्याला 'बॅक टू टाउन' म्हणतात. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा कागद, रद्द करा, अर्ज करा, परवानगी घ्या, मग कंटेनर बाहेर. यात नऊ दिवस गेले, आणि रीफरच्या विजेचं भाडं रोज चढत होतं. उघडला तेव्हा बराचसा कांदा कोंबावर आला होता. वाशीच्या बाजारात मिळेल त्या भावाने दिला.

घरी आप्पांना सांगायला गेलो. जिल्ह्यातले लिलाव सोमवारपासून बंद पडले होते आणि त्यांची कांदा साठवायची चाळ भरलेली.

"तुझा कंटेनर माघारी तरी आणता आला," ते म्हणाले. "मी चाळ कुठं नेऊ?"

शहरात भाव चढू नयेत म्हणून हे केलं जातं, हे कळतं. भाजीवाल्याकडे मीही घासाघीस करतो. राग येतो तो तडकाफडकीपणाचा.

पुढचं वर्ष तसंच. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. ८ डिसेंबरपासून थेट बंदी, आधी ३१ मार्चपर्यंत, मग 'पुढील आदेशापर्यंत'. तेव्हा लाल कांदा नुकताच बाजारात येत होता. मी खळ्यावरची माणसं कमी केली आणि देशांतर्गत माल भरू लागलो. बँकेचं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीआधीचं कर्ज, माल बाहेर जाईल या भरवशावर घेतलेलं असतं. माल गेला नाही तर स्वस्त व्याजाची सवलतही जाते. ते फेडायला बायकोचे दागिने गहाण ठेवले.

४ मे २०२४ ला बंदी उठली म्हणून कुणीतरी फटाके लावले. अटी मात्र ५५० डॉलर किमान किंमत आणि वर ४० टक्के शुल्क अशा होत्या. किलोला चौसष्ट रुपयांच्या खाली माल बाहेर जाणार नव्हता. त्या भावात माझा खरेदीदार का घेईल? बंदीच्या काळात त्याने पाकिस्तानचा आणि चीनचा कांदा घ्यायला सुरुवात केली होती. २०१९ च्या बंदीच्या वेळी बांगलादेशच्या शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या, आमच्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय. तेव्हा आम्ही ते ऐकून हसलो होतो.

सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झालं. त्याच आठवड्यात मलेशियाला फोन लावला. त्याने आवाज ओळखला, घरच्यांची चौकशी केली, भाव विचारला. मग म्हणाला, महिन्याला एक कंटेनर घेतो.

पूर्वी तीन घ्यायचा. आता मी गोण्या भरण्याआधी सीएचएला एकच विचारतो, एलईओ कधी मिळेल? आणि शनिवारी शक्यतो माल बंदरात ठेवत नाही.