न वाचलं जाणारं पान

साहसकथा वाचणारं मूल पुस्तकातलं एक पान हमखास वगळतं. शीर्षकपान उलटलं की त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत असा कोरडा मजकूर असतो, आणि पलीकडे गुहेच्या तोंडाशी कोणीतरी कंदील घेऊन उभं असतं. मूल कशाला थांबेल? तीस-चाळीस वर्षांनी तेच मूल जुनी बालपुस्तकं जमवू लागलं की सगळं उलटं होतं. फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी ढिगातून पुस्तक उचलायचं, नेमकं तेच पान उघडायचं, आणि बहुतेक वेळा तेवढंच वाचून पुस्तक परत ठेवायचं. गुहेत काय झालं ते तर पाठच असतं. शोधायचं असतं ते एवढंच, की हे पुस्तक छापलं कधी.

मराठी बालपुस्तकांनी हा शोध चांगलाच अवघड करून ठेवला आहे. पातळ पुस्तकांवर पुष्कळदा सालच नसतं. साल छापलं की माल शिळा दिसतो, असं प्रकाशकाला वाटत असावं. मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण मात्र असतं, कारण ते छापणं १८६७च्या कायद्यानं बंधनकारक होतं. साल असलंच तर ते कधी शकात असतं. त्यात ७८ मिळवायचे. पुस्तक पौष-माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९ धरावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बहुधा बदललेलं असतं.

साल नसेल तर पहिली नजर किमतीवर. ‘किंमत बारा आणे’ असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७च्या आधीचं, निदान त्याची किंमत तरी. ‘१ रु. २५ न. पै.’ असेल तर काम फारच सोपं झालं, कारण पैशाला ‘नये’ म्हणायची पद्धत १९५७ ते १९६४ एवढीच चालली. मग पत्ता बघायचा. ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असा सुटसुटीत पत्ता जुना. सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. ‘अक्षरजुळणी’ म्हणून एखाद्या संगणकवाल्याचं नाव असेल, तर प्रकरण शिशाचे खिळे जुळवणाऱ्या जुन्या छापखान्यातलं नाही. खिळ्यांची छपाई बोटालाही कळते. पानाच्या मागच्या बाजूनं बोट हलकं फिरवलं की अक्षरांचा उठाव लागतो. ऑफसेटचं पान गुळगुळीत असतं.

आणि अनुस्वार! ‘त्यानें’, ‘नाहीं’, ‘घरांत’ अशी टिंबं डोक्यावर घेऊन वाक्यं चालत असतील, तर पुस्तक साधारण १९६२च्या आधीचं समजावं. साहित्य महामंडळानं त्या वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. हा पुरावा एकट्यानं मात्र पुरत नाही. काही लेखकांनी आणि हट्टी मुद्रितशोधकांनी टिंबं पुढेही पुष्कळ वर्षं सांभाळली. त्यामुळे किंमत, पत्ता आणि अनुस्वार असे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तरच विश्वास ठेवायचा. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची हाताशी असेल तर १८०० ते १९५० या काळापुरती खातरजमा करता येते. त्यानंतरच्या पुस्तकांसाठी मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४च्या कायद्यानं ज्या मोजक्या ग्रंथालयांना प्रकाशकांनी प्रत पाठवायची होती, त्यांतलं ते एक.

नवखा माणूस हमखास फसतो तो ‘आवृत्ती पहिली’ या शब्दांना. पुस्तक एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेलं की नवा प्रकाशक खुशाल ‘आवृत्ती पहिली’ छापतो. त्याच्या दृष्टीनं ते खरंच असतं. उलट, एक कानाही न बदललेल्या पुनर्मुद्रणाला आपल्याकडे ‘पाचवी आवृत्ती’ म्हणतात. म्हणून प्रस्तावनेखालची तारीख वाचावी आणि मलपृष्ठावरची ‘याच लेखकाची इतर पुस्तके’ ही यादी तर डोळ्यांत तेल घालून वाचावी. यादीतलं एखादं पुस्तक नंतरच्या वर्षातलं निघालं की पहिलेपणाचा दावा तिथेच संपला.

मलपृष्ठावरची ही यादी इंग्रजी मालिकांच्या संग्राहकांचं तर मुख्य हत्यार आहे. अमेरिकेतली ‘हार्डी बॉइज’ १९२७ला आणि ‘नॅन्सी ड्रू’ १९३०ला सुरू झाली. त्यांच्या प्रती वर्षानुवर्षं छापल्या गेल्या तरी आतलं साल पहिलंच राहिलं. मग प्रत कधीची हे ठरतं जॅकेटवरच्या, म्हणजे बांधणीवरच्या सुट्या कागदी वेष्टनावरच्या, यादीत शेवटचं नाव कोणतं आहे त्यावरून. मालिकेतलं विसावं पुस्तक यादीत असेल, तर हातातलं पहिलं पुस्तक विसावं निघाल्यावर छापलेलं. शिवाय १९५९पासून या दोन्ही मालिकांमधली जुनी पुस्तकं नव्यानं लिहून काढली गेली. नाव तेच आणि आतली गोष्ट कधी छाटलेली, कधी पार निराळी, त्यामुळे प्रकरणं किती आहेत तेही मोजावं लागतं.

इंग्लंडकडच्या पुस्तकांत खरी किंमत जॅकेटची. एनिड ब्लायटनची ‘फेमस फाइव्ह’ मालिका १९४२ ते १९६३ अशी एकवीस पुस्तकं चालली. पहिली काही युद्धाच्या टंचाईत निघाली, कागद हलका, आज बिस्किटासारखा तपकिरी. या पुस्तकांचं जॅकेट गेलं तर भाव कितीतरी पटींनी उतरतो, आणि मुलांच्या हातून सगळ्यांत आधी जातं तेही जॅकेटच. उरलंच तर आतल्या घडीवर किमतीचा कोपरा तिरका कापलेला असतो. भेट देणाऱ्या काकूंनी शिष्टाचार म्हणून किंमत कापली आणि पुरावा नेला. आपल्याकडच्या काकूंनी किंमत नुसती पेनानं खोडली. ती भिंगाखाली अजून वाचता येते. कोपरा कापलेला नसूनही किंमत नसेल, तर ती बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली, आवृत्ती असू शकते. आणखी एक चलाखी म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या पुस्तकाला नंतरच्या आवृत्तीचं जॅकेट घालणं. इथेही यादी वाचायची. पुस्तक १९४४चं आणि मलपृष्ठावर १९४९च्या पुस्तकाची जाहिरात, म्हणजे हा संसार मागाहून जुळवलेला आहे.

चित्रंही बोलतात. आर्थर रॅन्सम या इंग्रज लेखकाची होड्यांवरच्या मुलांची पहिली कादंबरी १९३०ची. त्याच्या स्वतःच्या चित्रांसह ती निघाली १९३८ला. म्हणजे लेखकाची चित्रं असलेली प्रत ‘पहिली’ म्हणून कोणी दिली, तर देणाऱ्याला एक तर माहीत नाही किंवा चांगलंच माहीत आहे. साहसकथेत नकाशा असेल तर तो जागेवर आहे ना, हे आधी बघावं. मुलं नकाशे फाडून खिशात घालतात आणि खरोखर शोधायला निघतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पण नकाशाविना पुस्तक संग्राहकाच्या लेखी अपुरं.

पहिलं म्हणजे नेमकं कुठलं, हा वाद तर मिटतच नाही. ‘ट्रेझर आयलंड’ पुस्तकरूपानं १८८३ला आलं, पण त्याआधी १८८१-८२मध्ये मुलांच्या साप्ताहिकात टोपणनावानं क्रमशः छापून झालं होतं. मग पहिलं दर्शन कुठलं धरायचं? साप्ताहिकाचे अंक रद्दीत जायचे म्हणून ते अधिक दुर्मीळ. पण कपाटात पुस्तकच शोभतं. मराठीत हा पेच घरोघरी आहे. भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं, त्या पिढीचं कितीतरी बालसाहित्य आधी अंकांतून आलं. माझं मत विचाराल तर मासिकाचे अंक मिळतील तेव्हा घ्यावेत, कारण पुस्तकात न आलेली चित्रं तिथे सापडतात.

आता सह्या. पहिली गोष्ट, ब्लायटनच्या पुस्तकांवर दिसणारी ती गोलसर, खाली रेघ ओढलेली सही छापलेली असते. ती तिची व्यापारी खूणच होती. दरवर्षी कोणीतरी ती ‘लेखिकेची स्वाक्षरी’ म्हणून विकतो आणि कोणीतरी घेतो. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग घ्यावं. छापील सहीच्या कडा एकसारख्या असतात, कधी बारीक ठिपके दिसतात. खऱ्या शाईच्या रेघेत जाड-बारीक भाग असतात, दोन रेघा जिथे छेदतात तिथे शाई गडद होते, आणि जुन्या कागदात ती धाग्यांबरोबर किंचित पसरते. पान उलटं करून तिरप्या उजेडात धरलं तर बॉलपेनचा दाब मागे दिसतो. बॉलपेन बाजारात आलं १९४५च्या सुमारास. सहीखाली १९३६ची तारीख असेल आणि सही बॉलपेनची, तर पुस्तक नम्रपणे परत करावं. ब्लायटन वारली १९६८ला. १९७१ची प्रत तिच्या सहीसह मिळत असेल, तर ती गोष्ट भुतांच्या कप्प्यात ठेवावी.

‘हार्डी बॉइज’च्या लेखकाची सही तर कोणालाच मिळणार नाही. फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन नावाचा माणूस नव्हताच. एडवर्ड स्ट्रेटमायरच्या संस्थेनं ठरवलेलं ते नाव, लिहिणारे पडद्याआडचे. सुरुवातीची बरीच पुस्तकं लेस्ली मॅकफार्लेन या कॅनडातल्या पत्रकारानं लिहिली. ‘नॅन्सी ड्रू’वर लेखिका म्हणून छापलेल्या कॅरोलिन कीनचंही तेच. तिची पहिली पुस्तकं लिहिणारी मिल्ड्रेड वर्ट बेन्सन खरी होती, त्यामुळे सही हवी असेल तर बेन्सनची शोधावी.

मराठीत सहीची एक जुनी आणि रुक्ष परंपरा आहे. काही जुन्या पुस्तकांत सूचना असे की ज्या प्रतीवर ग्रंथकर्त्याची सही नसेल ती चोरीची समजावी. म्हणजे लेखक बसून शेकडो सह्या करी, प्रेमापोटी नव्हे, चोरी टाळायला. अशी सही ही पावती. तिला पावतीचाच मान द्यावा. ‘चि. अमुक यांस सप्रेम’ असं लिहून केलेली सही निराळी. नाव असलेल्या प्रतीला बाजारात कधी कमी भाव मिळतो, कारण घेणाऱ्याला दुसऱ्याचं नाव नको असतं. पण नाव, प्रसंग आणि तारीख असलेली सही बनावट करणं अवघड, हे भाव करताना विसरू नये.

पुस्तक घरी आणल्यावरचा शत्रू म्हणजे पावसाळा. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते. ५०च्या आसपास ठेवता आला तर उत्तम. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मागे चार-पाच सेंटिमीटर वाट ठेवावी. रद्दीतून आलेल्या पुस्तकात कसर असतेच असं धरून चालावं. पुस्तक घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत हवा काढून घालावं आणि उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही; घाई केली की थंड कागदावर पाणी धरतं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही. डांबरगोळ्यांनी पुस्तकाला वास येतो, कसर बहुधा तशीच राहते.

सेलोटेप मात्र कसरीपेक्षा वाईट. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो, कागदात उतरतो आणि मग निघत नाही. फाटलेल्या पानाला जपानी पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, एवढंच लावावं, वर वजन ठेवून रात्रभर वाळवावं. बाइंडरच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत आहे. कसर दूर राहते, पण त्यातल्या तांब्यानं आणि आम्लानं कागद ठिसूळ होतो. पातळ पुस्तकांच्या गंजलेल्या पिना बोथट सुरीनं आतल्या बाजूनं उलगडून काढाव्यात आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवावा. जॅकेटला पारदर्शक पॉलिएस्टरचं सुटं आवरण घालावं. लॅमिनेशन कधीही नाही, दुकानदार कितीही प्रेमानं म्हणाला तरी. वाचनालयातून निघालेल्या प्रतींचं मूळ मुखपृष्ठ बहुधा बांधणीच्या वेळीच फेकलेलं असतं आणि कडा कापलेल्या असतात. तशी प्रत वाचायला घ्यावी, जमवायला नाही.

आणि खोडरबर लांब ठेवावा. आतल्या कोऱ्या पानावर मुलाची पेन्सिल चाललेली असते. नाव, इयत्ता, तुकडी, शाळा, मग पेठ, पुणे, मग भारत, आशिया, पृथ्वी, सूर्यमाला. विक्रेते हे पुसून ‘स्वच्छ प्रत’ करतात. पण पुण्यानंतर आणि भारताच्या आधी त्या मुलानं ‘मुंबई राज्य’ लिहिलं असेल, तर पुस्तक १ मे १९६०च्या आधी त्याच्या हातात होतं, आणि जे साल प्रकाशकानं छापलं नाही ते तिसरीतल्या एका मालकानं लिहून ठेवलं आहे.