रणातले मीठ आणि बडोद्याचे दप्तर

बडोद्यातल्या मराठी घरांना आपण येथे कसे आलो हे सहसा ठाऊक असते. कुणाचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, कुणाचे कारभारात, तर कुणाचे सयाजीराव महाराजांच्या काळात शिक्षक किंवा अभियंते म्हणून. त्यांच्या सनदा आणि इनामांचे कागद राजदप्तरात आहेत, आणि ज्यांना त्यातली मोडी वाचता येत नाही त्यांच्याही कपाटात एखादी वंशावळ जपलेली असते. गेली काही वर्षे मी मीठ, स्थलांतर आणि स्मृती या विषयावर चित्रकार म्हणून काम करते आहे, आणि या कामाने मला पुन्हा पुन्हा याच दप्तराशी आणून सोडले आहे.

मिठाशी बडोदे संस्थानाचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा होता. नवसारी गायकवाडांची होती, पण तिच्याजवळची दांडी, जिथे ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला, ती ब्रिटिश मुलखात होती. ओखामंडळातले मिठापूर तर संस्थानाच्याच हद्दीत होते. तिथल्या रसायनांच्या कारखान्यासाठी टाटांची कंपनी १९३९ साली स्थापन झाली. हा इतिहास कागदोपत्री सापडतो. माझे मन मात्र जिथे कागद नाहीत तिथे, कच्छच्या लहान रणात, अडकले आहे.

पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे हे रण सुमारे ५,००० चौरस किलोमीटरचे आहे. पाणी ओसरले की पाटडी-खाराघोडा भागातली मीठ पिकवणारी अगरिया कुटुंबे, त्यांतली पुष्कळशी चुंवाळिया कोळी समाजाची, मुलाबाळांसह रणात उतरतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिथेच झोपडी बांधून राहतात. विहीर खणून खारे पाणी उपसायचे, पायांनी तुडवून घट्ट केलेल्या पाट्यांत, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यांत, ते एकातून दुसऱ्यात खेळवायचे, आणि उन्हाने ते पुरेसे दाट झाले की मीठ धरू लागते. उपशासाठी पूर्वी डिझेलचा पंप असे आणि हंगामाच्या कमाईचा मोठा हिस्सा त्या डिझेलमध्येच जाई; आता पुष्कळ ठिकाणी सौर पंप आले आहेत. मीठ धरू लागल्यावर खरे कष्ट सुरू होतात. पाट्याच्या तळावर लाकडी दंताळे रोज ओढावे लागते, नाहीतर स्फटिक एकमेकांना चिकटून तळाशी दगडासारखा थर बसतो. ते दंताळे मी ओढून पाहिले आहे. पाण्याखालचा थर हाताला जाणवतो, दिसत नाही, आणि अनुभवी माणूस त्या खरखरीवरून दाणा किती झाला हे सांगतो. असे वाढवलेले वडागरू मीठ मोठ्या, टणक खड्यांचे असते.

अगरियांचे पाय चितेवरही जळत नाहीत, असे रणात जाऊन आलेला जवळजवळ प्रत्येकजण लिहितो. मी ते माझ्या या कामाच्या प्रदर्शनात कुठेही लिहिणार नाही, कारण त्या एका वाक्यापाशी वाचकाची हळहळ संपते आणि जमिनीचा प्रश्न मागे राहतो. लहान रणाची महसुली मोजणी झालेली नाही, त्यामुळे पिढ्यानपिढ्या तिथे मीठ पिकवणाऱ्यांच्या नावावर पाट्याची जमीन नाही. १९७३ साली हे रण रानगाढवांचे अभयारण्य झाले आणि अगरियांचे तिथले हक्क आणखी अधांतरी झाले. आमच्या पूर्वजांच्या एका स्थलांतराची नोंद राजदप्तरात दोन-तीन शतके टिकते, आणि यांच्या दरवर्षीच्या स्थलांतराला सातबाराही नाही.

माझे माध्यम मिठाचेच आहे. कागद मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावले की तो उन्हात काळवंडतो. कागदावरचे सुरुवातीचे फोटो एकोणिसाव्या शतकात टॅल्बट या इंग्रज संशोधकाने याच पद्धतीने काढले. मीठ थोडे असेल तर कागद उजेडाला चटकन प्रतिसाद देतो आणि फार असेल तर मंदावतो, हे त्याने हेरले होते, आणि प्रतिमा थोपवून धरण्यासाठी त्याने आरंभी दाट मिठाचे पाणीच वापरले. हायपो, म्हणजे फोटो कायमचा पक्का करणारे रसायन, न वापरता नुसत्या मिठावर थोपवलेली प्रतिमा उजेडात हळूहळू बदलत जाते. रणाची चित्रे अशीच ठेवावीत, म्हणजे विरत जाणारी स्मृती प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसेल, असे काही कलावंत मित्रांनी सुचवले. मला ते पटले नाही. ज्यांची नोंद मुळात झालीच नाही त्यांचे चित्र आपल्या कल्पनेखातर पुसू देणे हा अन्याय आहे. म्हणून रणातली सगळी चित्रे मी हायपोने पक्की केली आहेत, आणि विरण्याचा प्रयोग माझ्याच घराण्याच्या कागदांच्या छायाचित्रांवर करते आहे, कारण त्यांचे मूळ दप्तरात सुरक्षित आहे.

पाट्यांची पहिली चित्रे घेऊन मी रणात गेले तेव्हा एका आजींनी ती उन्हात धरून नीट पाहिली आणि खाली काहीच लिहिलेले नाही हे लक्षात आणून दिले. नाव, गाव, कुणाचा पाटा आणि कोणत्या हंगामातला, एवढे तरी हवे, म्हणजे आम्ही इथे होतो हे कुणाला दाखवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. आता प्रत्येक चित्राखाली ही माहिती त्या त्या कुटुंबाला विचारून, त्यांच्या संमतीने, गुजरातीत आणि मराठीत लिहिली जाते, आणि चित्राची एक प्रत त्यांच्याकडे राहते.