नावापुढचं प्रश्नचिन्ह

"मुलगी हुशार आहे, पण आपल्यात रुळेल का?" मुलाखती संपल्यावर साहेब म्हणाले आणि तिच्या नावापुढे पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं.

टॅलीची चाचणी तिने सगळ्यांत आधी संपवली होती. एकही चूक नाही. बाकी चौघं रुळतील का, हे कुणी विचारलं नाही. त्यांची आडनावं आमच्यासारखी. तिचं शेख.

"का नाही रुळणार, सर?" मी विचारलं. ते कागद चाळत राहिले.

घरी येऊन राज्यघटना काढली. कलम १६ धर्मावरून भेदभाव करू देत नाही, पण ते सरकारी नोकरीपुरतं. खासगी कंपनीने माणूस घेताना धर्म बघू नये, असं बजावणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही.

यादी सोमवारी लागेल. सोमवारी मी पुन्हा विचारणार आहे. पण त्या मुलीने दाद मागायची कुणाकडे?