लिंबांना हात लावायचा नाही

गेल्या वर्षी आम्ही सरेमधलं घर विकायला काढलं. कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच आहे हे शहर. तेव्हा पंधरा दिवस माझ्या ओट्यावर काचेच्या भांड्यात बारा लिंबं होती आणि त्यांना हात लावायची मलाच परवानगी नव्हती. ती शोभेची होती. सोफा, दिवे, भिंतीवरचं राखाडी चित्र, पलंगावरच्या सात उश्या हे सगळं भाड्याचं. (सात उश्या काढून ठेवायच्या कुठे आणि झोपायचं कधी, हे मी विचारलं नाही.)

तिकडे याला स्टेजिंग म्हणतात आणि तो रीतसर धंदा आहे. घर विकायला काढलं की एजंट आधी स्टेजर बाईंना पाठवतो. आमच्याकडे आल्या त्या हातात कागद घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. लग्नाचे फोटो काढा. फ्रिजवरची चुंबकं काढा. मसाल्याच्या बरण्या आत. कपाटं निम्मी रिकामी करा, कारण लोक कपाटं उघडतात आणि भरलेलं कपाट दिसलं की त्यांना घरच लहान वाटतं. मग देवघरापाशी थांबल्या आणि फार अदबीने म्हणाल्या, हे जरा हलवता येईल का? कारण ठरलेलं असतं: बघायला येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे, तुमचा नाही. गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण पंधरा दिवस एका मैत्रिणीकडे राहायला गेले. तिच्याकडे नैवेद्याला रोज काहीतरी गोड असायचं, त्यामुळे त्यांची तक्रार नसावी. आमची होती. घरात मासे तळायचे नाहीत, फोडणी घालायची नाही. शनिवार-रविवारी दुपारी दोन ते चार ओपन हाऊस, म्हणजे कोणीही यावं नि बघून जावं. ते दोन तास आम्ही गाडीत बसून सँडविच खायचो.

या प्रकारावर टीव्हीवर मालिकाच्या मालिका आहेत, हे मला तेव्हा कळलं. अमेरिकेतल्या एचजीटीव्ही वाहिनीवर 2004 मध्ये ‘डिझाइन्ड टू सेल’ सुरू झाली. न विकलं जाणारं घर फक्त 2,000 डॉलरांत विकण्याजोगं करायचं, हा तिचा खेळ. ब्रिटनमध्ये त्याआधीच ‘हाऊस डॉक्टर’ येऊन गेली होती. आणि ‘द स्टेजर्स’ तर आमच्या व्हँकुव्हरचीच, 2008 ची. सगळ्यांचा साचा एक. आधी पसारा दाखवायचा, तोही कॅमेरा अगदी जवळ नेऊन. घरमालकाचा चेहरा पाडायचा. मग संगीत, रंगाचे डबे, हमालांची धावपळ, आणि शेवटी दार उघडल्यावर मालकीणबाईंचा हात तोंडावर. या कल्पनेचं श्रेय सिॲटलकडच्या बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंना देतात, 1972 पासूनचं. शब्द रंगमंचावरून आलेला आहे, आणि तो बरोबरच आहे. फक्त आमच्या दशावतारात एक बाकडं मांडलं की इंद्राचा दरबार उभा राहतो. त्यासाठी प्रेक्षकाला सात उश्या लागत नाहीत.

तर एवढं शिकून मी जानेवारीत मालवणजवळ आचऱ्याला, आमच्या गावी आले. काकांनी घर विकायचं ठरवलं होतं. चिऱ्याचं कौलारू घर, पुढे खळं, बाजूला मांगर, म्हणजे सामानसुमान ठेवायची खोप, मागे वीस-बावीस माड. दरवर्षी पावसाआधी कौलं परतायला माणूस मिळत नाही, काकूचे गुडघे गेलेत, आणि आई तर कधीच कुडाळला ताईकडे राहायला गेली. पुण्याचे एक गृहस्थ होम-स्टेसाठी जागा शोधत होते, ते रविवारी येणार होते. मी म्हटलं, काका, दोन दिवस द्या मला.

आदल्या रात्री काकूला लॅपटॉपवर एक भागही दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली, “ह्यांका जेवूक मिळणा नाय काय गो? रांदपाच्या खोलीत एक टोप दिसणा नाय.”

सकाळी कामाला लागले. पडवीतला नारळांचा ढीग मांगरात गेला. नायलॉनची दोरी सोडली, तिच्यावरचे पंचे गेले. तीन वर्षांची कालनिर्णयं एकाच खिळ्यावर होती, तीही काढली. जुन्या बाकड्यावर कुडाळहून आणलेल्या चार निळ्या उश्या मांडल्या. घंगाळ चिंचेने घासून त्यात जास्वंदी सोडल्या. इथवर काकू गंमत बघत होती. पण माजघरात स्टूल ठेवून आजोबांच्या फोटोकडे हात केला, तशी ती दारात येऊन उभी राहिली.

“सासऱ्यांका खय नेतंस?”

मी सगळं समजावलं. येणाऱ्याला स्वतःचा संसार दिसला पाहिजे वगैरे.

“त्याचो संसार पुण्यात आसा,” काकू म्हणाली. “हय तो भाडा खाऊक येतलो.”

फोटो राहिला. देव तर मी विचारलेसुद्धा नाहीत.

रविवारी अकराला गाडी आली. गृहस्थ उतरले ते घराकडे न बघता गेले थेट विहिरीकडे. वाकून बघितलं, खडा टाकला, मे महिन्यात पाणी किती राहतं ते विचारलं. काकांनी काठीने एक रेघ दाखवली. मग बेड्याबाहेर, म्हणजे कुंपणाच्या फाटकाबाहेर जाऊन त्यांनी रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली. टेम्पो आत येईल का, पावसात येईल का, वाट कोणाच्या जागेतून जाते. आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधी शेतकरी असावा लागतो, तेव्हा तो दाखला त्यांनी न मागताच पिशवीतून काढून काकांना दाखवला. हे सगळं झाल्यावर ते पडवीत आले. पाठीला टोचली म्हणून एक निळी उशी उचलून माझ्या हातात दिली, आणि बाकड्यावर बसले. घंगाळाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. कोकम सरबत एका दमात संपवून म्हणाले, “काका, सातबारा काढलाय का?”

काकांनी काढला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर, रबराखाली आणखी एक पिशवी. चष्मा लावून ते एकेक नाव वाचायला लागले. नऊ नावं. प्रत्येक नावाला गृहस्थ एवढंच विचारायचे, “आहेत?” आणि काका सांगायचे: आहेत, मुंबईला. आहेत, बेळगावला. ही बहीण, ती सही देणार. हा चुलतभाऊ, त्याच्याशी जरा बोलावं लागेल. त्या ‘जरा’वर गृहस्थांनी पेनाने वहीत खूण केली. मालिकेत कधी कोणी हा कागद बघताना दाखवत नाहीत. तिकडे मालक एक किंवा दोन, आणि दोघेही तिथेच सोफ्यावर बसलेले.

सातवं नाव आलं आणि काका थांबले.

“हा माझो थोरलो भाव. तो गेल्याक आठ वर्सां झाली.”

“मग वारस नोंद?”

ती झालेली नाही. बाबा गेले त्या वर्षी मी दहा दिवसांची रजा घेऊन आले होते. तलाठ्याकडे जायचं ठरलं होतं, पण मृत्यूचा दाखला हातात यायला वेळ लागला आणि माझं परतीचं तिकीट जवळ आलं. पुढच्या खेपेला करू म्हटलं. त्यानंतर तीन खेपा झाल्या. एकदा लग्न होतं, एकदा गणपती, एकदा नुसताच आळस. आईने दोनदा आठवण केली होती, ताईने फोनवर वैतागून एकदा.

“वारस कोण कोण?” गृहस्थांनी वहीचं नवीन पान उघडलं.

“वयनी, आणि दोन मुली,” काका म्हणाले. “एक कुडाळाक. दुसरी कॅनडात असता.”

“त्या कधी येतात इकडे?”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी अजून ती उशी हातात घेऊन उभी होते.