बोलोन्यातली दुपार

आज इटलीतल्या बोलोन्या शहरात पलाझ्झो पोज्जी संग्रहालयात निसर्ग-अभ्यासक उलिस्से आल्द्रोव्हांदींचा संग्रह डोळे भरून पाहिला. छपाईचे लाकडी ठसे कितीतरी वेळ न्याहाळत होते. माशाचा खवला न् खवला कोरलाय! सोळाव्या शतकात या माणसाने हजारो वनस्पती वाळवून कागदांवर चिकटवल्या, त्यांचे १५ खंड झाले. पण मला खरी भावली ती त्यांची देवाणघेवाण. दूरदूरचे अभ्यासक, वैद्य, सरदार त्यांना पत्रं, बिया, चित्रं पाठवत, तेही पाठवत. संग्रह बघायला येणाऱ्यांची नावंसुद्धा लिहून ठेवत. केवढी आस्था! आणि १६०३ च्या मृत्युपत्रात हे सगळं शहराच्या सिनेटला देऊन टाकलं. त्यांच्याच पुढाकाराने १५६८ मध्ये सुरू झालेली वनस्पती बाग उद्या बघणार आहे.