नादुरुस्त, शिकस्त, धोकादायक

माझी पिठाची गिरणी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या कंपाउंडला लागून आहे. कंपाउंड तीनच बाजूंनी आहे, चौथी बाजू गिरणीच्या मागच्या भिंतीवर भागते. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष झालो तो एवढ्याच भांडवलावर. जुलै २०२४ मध्ये पालकसभा भरली, अध्यक्षपदाला नाव सुचवा म्हटल्यावर सगळे खाली बघायला लागले, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "गिरणीवाला कायम हितंच असतो, सह्यांना बरा पडंल."

पहिले काही महिने खरंच सह्यांत गेले. दर महिन्याला बैठक, इतिवृत्त आधीच लिहिलेलं, मी गिरणी बंद करून हात झटकत जायचो आणि पिठाच्या बोटांनी सही करायचो. त्या वहीची किंमत मला तेव्हा माहीत नव्हती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ही समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा आम्हीच करायचा असतो. आमचा आराखडा मागच्या वर्षीचाच, तारीख बदललेला असायचा.

आता खोल्यांचं सांगतो. पहिली ते सातवी, पट ४३, शिक्षक तीन, खोल्या चार. दोन स्लॅबच्या, दोन जुन्या. जुन्या म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं. एका खोलीच्या तुळईला वाळवी लागली होती आणि मधले तीन वासे खाली झुकले होते. दुसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीला एवढी भेग की पोरं तिच्यातून पलीकडच्या वर्गाला चिठ्ठ्या द्यायची.

हे मला समितीत कळलं नाही, घरी कळलं. माझी मुलगी तेव्हा तिसरीत. एका रात्री जेवताना म्हणाली, "आमच्या वर्गात रेघ आहे, रेघेच्या पलीकडं बसायचं नाही." मला वाटलं खेळाची असेल. सकाळी जाऊन बघितलं तर मॅडमनी खडूनं फरशीवर आडवी रेघ मारलेली, बरोबर झुकलेल्या वाशांच्या अलीकडून. रेघ रोज पुसायची, मॅडम रोज नवीन ओढायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मग काय करू, दादा? तोंडी सांगितलंय सगळ्यांना." मुलांच्या सुरक्षेचा आमच्या शाळेतला पहिला निर्णय हा, आणि तो खडूनं झाला होता.

सगळ्यांना माहीत होतं हे खरंच. मुख्याध्यापक सरांना माहीत होतं, केंद्रप्रमुखांना माहीत होतं, झेंडावंदनाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कोणीतरी ती तुळई दाखवलेली. कागदावर मात्र कुणाच्याच नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचाराची घटना झाली आणि २१ तारखेला शासन निर्णय आला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सगळं त्यात होतं. लगेच तपासणीला माणसं आली. आम्ही पत्र्याची तक्रारपेटी आणून कुलूप घालून ठेवलीच होती. त्यांनी पेटी तपासली, फोटो काढला, गेले. पेटी कुठं लावली होती? त्याच भेगेच्या भिंतीवर, व्हरांड्यातून दिसेल अशी. फोटोत भेगही आली असणार.

नोव्हेंबरमध्ये मी सरांच्या मागं लागलो की प्रस्ताव करू. सर भला माणूस, पण धास्तावलेला. त्यांनी पत्र लिहिलं, 'दोन वर्गखोल्या नादुरुस्त आहेत, योग्य ती कार्यवाही व्हावी.' मी ते स्वतः पंचायत समितीत घेऊन गेलो, कारण टपालात दिलं की महिना जातो. तिथल्या एका क्लार्कनं पत्र वाचलं आणि मला चहाच्या टपरीवर नेलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. म्हणाला, "अध्यक्ष, शब्द बघा. नादुरुस्त लिहिलं की फाइल दुरुस्तीच्या टेबलावर जाते आणि तिथं पैसे नाहीत. शिकस्त, म्हणजे मोडकळीला आलेली, लिहिलं तर अभियंता बघायला येतो, त्याच्या सवडीनं. धोकादायक लिहिलं तर मात्र कुणालातरी काहीतरी करावंच लागतं."

मग सर तो शब्द का लिहीत नव्हते? लिहिला की दुसऱ्या दिवशीपासून मुलांना तिथं बसवता येत नाही, आणि बसवलं नि काही झालं तर लिहिणाराच अडकतो. न लिहिता झालं तर सगळेच थोडेथोडे अडकतात, म्हणजे कोणीच नाही. शिवाय वेगळीच एक भीती गावात होती. खोल्या गेल्या तर शाळाच जाईल. कमी पटाच्या शाळांचं एकत्रीकरण, समूह शाळा असल्या बातम्या दर दोन महिन्यांनी यायच्या, आणि खासगी शाळेची पिवळी व्हॅन तर रोज सकाळी वेशीवर हॉर्न मारत उभीच. गावातले नाना मला स्पष्ट म्हणाले, "तू कौलं काढशील आन् पोरं व्हॅनीत बसतील."

मी गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण बसलो. नोव्हेंबर ते मे ते पत्र 'नादुरुस्त' म्हणूनच पडून राहिलं. विचारायचं तरी कुणाला? मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली तेव्हापासून प्रशासक. शिक्षण समिती असते, तिच्यात गटातला सदस्य भांडतो, हे फक्त ऐकायचं. भांडायला सदस्यच नव्हता.

२०२५ चा पाऊस मे महिन्यातच आला, कौलं चाळायच्या आधी. १६ जूनला शाळा उघडली तेव्हा रेघेच्या पलीकडं पाणी साचलेलं होतं. मॅडमनी रेघ आणखी अलीकडं घेतली.

२५ जुलैला सकाळी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या शाळेचं छत कोसळलं आणि ७ मुलं गेली. मी व्हिडिओ गिरणीतच बघितला, दळण चालू होतं, आवाज येत नव्हता. नुसती माणसं दगड उचलताना दिसत होती. खोली आमच्यासारखीच होती. मी पट्टा उतरवला आणि बायकांना म्हटलं, दळण उद्या न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातडीची बैठक घेतली. अकरा जण आले, त्यात सात बायका, आणि निर्णय त्यांनीच केला असं मी म्हणेन. पुरुष निधी कुठून, परवानगी कोणाची यावर बोलत होते. एक काकू म्हणाल्या, "सोमवारी माझा नातू त्या खोलीत बसनार न्हाई. तुमचं लिवून झालं का?" ठराव तिथंच लिहिला. 'दोन वर्गखोल्या धोकादायक आहेत. सोमवारपासून तेथे विद्यार्थी बसवले जाणार नाहीत. तिसरी व चौथीचे वर्ग मारुती मंदिराच्या सभामंडपात भरतील. खोल्यांचे निर्लेखन व्हावे.' सरांचा हात थांबला. मी म्हटलं, "सर, शब्द समितीचा आहे, तुम्ही फक्त सचिव म्हणून लिहिताय." तसं म्हटल्यावर त्यांनी लिहिलं, आणि मला वाटतं त्यांनाही सुटल्यासारखं झालं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोन लावला. उत्तर तोंडी आलं, बसवा देवळात. लेखी मागितलं तर फोन कट.

आता निर्लेखन म्हणजे काय, ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी. शाळेची खोली पडायला आली म्हणून पाडता येत नाही. ती जिल्हा परिषदेची मालमत्ता, आधी नोंदीतून काढावी लागते. समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव, चारी बाजूंचे फोटो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि बांधकामाचं वर्ष, एवढं आमच्याकडून मागितलं. मग कनिष्ठ अभियंता मापं घेतो, मूल्यांकन करतो, प्रस्ताव उपविभागातून जिल्ह्याला जातो. मंजुरी आली की लाकूड-कौलांचा लिलाव, ते पैसे जिल्हा परिषदेत जमा, आणि मग पाडकाम.

यात आम्ही अडकलो ते बांधकामाच्या वर्षावर. कुठंच नोंद नव्हती. 'त्रुटी' म्हणून प्रस्ताव परत आला. दोन दिवस सर आणि मी कपाटातली जुनी शेरेबुकं चाळत बसलो, अंगावर धूळ माझ्या पिठापेक्षा जास्त. तपासणीला आलेले साहेब त्यात शेरा लिहून जातात. पाढे कच्चे आहेत, शौचालय नाही, असले शेरे पानोपानी. शेवटी १९६६ चा एक शेरा सापडला, निळ्या शाईत, गावानं श्रमदानातून दोन खोल्या नुकत्याच पुऱ्या केल्याचा आणि मुख्य गुरुजींच्या अभिनंदनाचा. नानांना दाखवला. ते म्हणाले, "दगड माझ्या बापानं वाहिलेत," आणि त्यानंतर व्हॅनचं नाव काढलं नाही. ग्रामसभेत ठरावाला पहिला हात त्यांचाच वर गेला.

पिपलोदीनंतर केंद्रानं सगळ्या राज्यांना शाळांच्या इमारती तपासायला सांगितलं होतं, त्याचं पत्र फिरत फिरत खाली आलं आणि अभियंता साहेब आठ दिवसांत हजर झाले. नोव्हेंबरपासून न आलेला माणूस! तुळईत पेन खुपसला, तो अर्धा आत गेला. काही बोलले नाहीत, लिहून घेतलं. पुढं जिल्ह्याला फाइल अडली तेव्हा मी माहिती अधिकारात एकच प्रश्न टाकला, की अमुक आवक क्रमांकाचा प्रस्ताव आज कोणत्या टेबलावर आहे. उत्तराला ३० दिवस असतात. उत्तर आलं नाही, २६ व्या दिवशी मंजुरी आली. म्हणून सांगतो, पत्र दिलं की पोहोच घ्या. आवक क्रमांकाशिवाय तुमचं पत्र म्हणजे गिरणीतलं उडतं पीठ.

मधले महिने सोपे नव्हते. मंदिरात शनिवारी दर्शनाची गर्दी, मॅडमचा फळा मंडपाच्या खांबाला टेकवलेला, पोरांचं अर्धं लक्ष प्रसादाकडं. तीन मुलं व्हॅनीत गेलीच. त्यांच्या आईवडिलांना मी दोष देत नाही.

लिलावाला पाच जण आले. कौलं एका गोठ्यावर गेली, लाकूड बहुतेक चुलीत. तक्रारपेटी आधीच काढून स्लॅबच्या खोलीजवळ लावली होती. ती पहिल्यांदा उघडली तेव्हा एकच चिठ्ठी निघाली, अक्षर माझ्या मुलीचं, शुद्धलेखन अजून तिसरीचं. 'देवळात बाकडी नाहीत.'

नवीन खोल्यांचा प्रस्ताव दिलाय. आवक क्रमांक माझ्या गिरणीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलाय. इतके दिवस चार खोल्या आहेत असंच वर जात होतं, म्हणून नवी मागायची सोयच नव्हती. परवा सर लॅपटॉप घेऊन गिरणीत आले, यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळानोंदीची, माहिती भरायची होती. एका रकान्यावर थांबले.

"वर्गखोल्या किती लिहू, अध्यक्ष?"

"दोन."

त्यांनी चार खोडून दोन केले आणि दळण कधी होईल ते विचारलं.